दशमीचा ठिपका

बाबा, मला बाळ होणार आहे. हे आधी सांगून टाकते, नाहीतर नेहमीसारखं मी दहा गोष्टी बोलेन आणि मुख्य ती राहून जाईल. आज सकाळी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझ्या कार्डावरची तारीख लाल पेनने खोडली आणि शेजारी दुसरी लिहिली. अठ्ठावीस दिवसांचा फरक. एवढ्याशा खोडण्याने, सोमवारी बाळाला बाहेर काढायचं होतं ते आता काढायचं नाही असं ठरलं. ती नवी तारीख खरं तर तुमची आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय. दुसऱ्या कुणाला हे लिहावं असं कोणी नाही, हेही आहेच.

आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागचा खिळा आठवतो? बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या, खिळ्याला पंचांग, पंचांगाला दोऱ्याने बांधलेली बोटभर पेन्सिल. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, म्हणजे मला आठवतं ते सगळं तुमचंच. साताऱ्याहून, रत्नागिरीहून लोक आपल्या माणसांचं श्राद्ध करायला काशीला यायचे. घाटावरचे विधी तुम्ही सांगायचात आणि ब्राह्मणांचं जेवण आपल्या चुलीवर व्हायचं. तुम्ही ओल्या सोवळ्यात उडदाचे वडे थापताय, मी नारळ खवतेय, बाहेर कुणीतरी रडतंय, आणि तुम्ही मला हळूच विचारताय, चटणीत गूळ पुरे का बघ. आमसुलं कोकणातले यजमान आणायचे. चटणी तुम्हाला गोडच लागायची, आणि शेवटी तुम्ही नेहमी अजून एक खडा टाकायचात. यजमानांना वाटायचं काशीची चटणी अशीच असते.

मी तेरा वर्षांची झाले आणि शेजारच्या काकूंनी तुम्हाला दारातच काहीतरी सांगितलं. तुम्ही माझ्याशी काहीच बोलला नाहीत. बाहेरच्या खोलीत चटई घातलीत, आणि पंचांगावर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने एक ठिपका दिलात. तेव्हापासून दर महिन्याला एक ठिपका. म्हणजे हे चार दिवस मुलगी बाहेरची, स्वयंपाकघरात यायची नाही, श्राद्धाचं कुणाचं घ्यायचं असेल तर एकट्याने निभेल एवढंच घ्यायचं. तुमच्यासाठी तो कामाचा हिशोब होता. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. येणारा प्रत्येक यजमान तिथी बघायला पंचांगाजवळ जायचा आणि मला वाटायचं, वाचला यानेही ठिपका. त्या दिवसांत उंबऱ्यावर वाटी सरकायची, गूळ आणि तूप, आणि तुमची पाठ आत वळलेली. मी वाटी रिकामी करून परत सरकवायची. असं आपलं बोलणं.

तो एक दिवस मी कितीदा लिहायचा प्रयत्न केलाय. बारावीचं वर्ष, मला पेपर, मी सांगायलाच विसरले. विसरले नाही, कंटाळले. सरळ आत येऊन सांगलीच्या एका कुटुंबाच्या श्राद्धाचे तांदूळ निवडले, धुतले, चढवले. मग तुम्ही पंचांगाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि मी मान खाली घातली. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही पातेलं उतरवलंत, घाटावरच्या गायींना घालून आलात, परत अंघोळ केलीत, परत चूल सारवलीत. ते लोक तीन वाजेपर्यंत उपाशी बसले होते, त्यातली एक म्हातारी बाई घेरी येऊन भिंतीला टेकली. संध्याकाळी तुम्ही एकच वाक्य बोललात. "पितर काही बोलत नाहीत गं. पानावरून उठून जातात."

पुढे युनिव्हर्सिटीत मी त्या ठिपक्यांवर एक गोष्ट केली, हिंदीत. अठ्ठावीस कोरी पानं, एकेका पानावर एक वाक्य, शेवटच्या पानावर फक्त ठिपका. ती स्टेजवर वाचली. शेवटचं पान मी लोकांसमोर एक मिनिट नुसतं धरून उभी राहिले. खूप टाळ्या पडल्या. एक सर म्हणाले, बड़ी हिम्मत का काम है. मला खरंच वाटलं हिंमत आहे माझ्यात. तोवर तुम्ही गेला होतात.

पण त्या गोष्टीत मी एक घातलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर खोल्या रिकाम्या करताना जुन्या पंचांगांचा गठ्ठा निघाला. मी लखनौला हॉस्टेलला होते ती दोन वर्षंही त्यात होती. मी घरात नाही, कुणी बाहेरचं नाही, स्वयंपाक तुमचा तुम्हीच करताय. तरी ठिपके होतेच, अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांवर, अंदाजाने दिलेले, दोन वर्षं. आणि मला आठवलं की महिन्यातून एकदा तुमचा फोन यायचा. "गूळ आहे ना तुझ्याकडे?" "आहे." "बरं." आणि ठेवून द्यायचात. मी मैत्रिणींना सांगून हसायचे की आमच्या बाबांना गुळाची काळजी. हे त्या गोष्टीत घातलं असतं तर टाळ्या पडल्या नसत्या, किंवा वेगळ्या पडल्या असत्या. मी ठेवून दिलं.

आता मागच्या भाद्रपदाचं. तुमचे जावई रेल्वेत, नोकरीचं गाव सहा तासांवर, सणावाराला येतात. घरात मी आणि सासूबाई दोघीच. आपल्याच गल्लीतलं घर, तुम्ही ओळखता, तुम्ही त्यांच्याकडे सत्यनारायण सांगायचात. तुम्हाला मुलगा नाही म्हणून पितृपक्षात दशमीला तुमचं श्राद्ध जावयाच्या हातून होतं आणि स्वयंपाक मी करते. त्या दशमीला सकाळी सहाला मला पाळी आली. तुमचे जावई घाटावर गेले होते, उडीद भिजलेले होते, ब्राह्मण सांगून ठेवलेले. दुसरं करणारं कोणी नव्हतं. मी अंघोळ केली, सोवळं नेसले आणि आत गेले. सगळं केलं. कुणाला कळलं नाही. पण एकदा लपवलं की चारही दिवस लपवावं लागतं. देवांची फुलं काढली, तुळशीला पाणी घातलं, कागदात गुंडाळलेलं जे काय ते पिशवीत घालून भाजीच्या निमित्ताने बाहेर नेऊन टाकलं. पितृपक्ष संपताना सासूबाईंनी विचारलं, "अजून नाही का ग?" मी म्हटलं, नाही.

आणि दसऱ्यानंतर, दिवाळीच्या तोंडाशी, खरंच नाही आली.

सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी काय बोलणार. त्यांच्या लेखी मी शेवटची बाहेर बसले ती श्रावणात, गोकुळाष्टमी झाल्यावर चार दिवसांनी. गणपतीला मुलगा आला होता, म्हणजे श्राद्धाच्या दिवशी सून गरोदर होती. "अगं, तुझ्या वडिलांचं पान वाढलंस ना, ते पोटात घेऊनच वाढलंस. तेच येतायत बघ." हे त्यांनी गल्लीभर सांगितलं. सरकारी दवाखान्याच्या आशा दीदी गरोदरपणाचं कार्ड भरायला आल्या, विचारलं, आखरी महीना कब आया था. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी श्रावणातली तारीख सांगितली. दीदी म्हणाल्या, पक्का? सासूबाई म्हणाल्या, "हमारे यहाँ से पक्का किसका होगा? चार दिन रसोई में नहीं आती, हम खुद बनाते हैं." बरोबरच होतं. एवढी पक्की तारीख अख्ख्या बनारसमध्ये कुणाची नसेल.

मी धनुर्वाताची, टीटीची सुई घेतली. लोहाच्या गोळ्या लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या, चहाच्या तासभर अलीकडे-पलीकडे नाही, सगळं नीट. सोनोग्राफी मात्र टाळत राहिले. दीदी दोनदा म्हणाल्या, लवकर करून घ्या, सुरुवातीची सगळ्यात कामाची असते. सासूबाई म्हणायच्या, सारखं सारखं काय बघायचं पोटात, आणि मी त्यांच्या मागे लपायचे. एवढं शिकलेली मी. मला वाटायचं, त्या मशीनला दशमी दिसेल.

कार्डाप्रमाणे सातवा महिना लागल्यावर शेवटी गेलो. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या, मग कार्डाकडे, मग परत पडद्याकडे. बच्चा चार हफ़्ते पीछे है. तारीख पक्की है? सासूबाई म्हणाल्या, पक्की. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाबा, तिथेच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. तेव्हापासून मॅडम त्या चार आठवड्यांचा शोध घेतायत. बीपी बरोबर, साखर बरोबर, रक्त जरा कमी पण वाढतंय, नाळेतला रक्ताचा प्रवाह बरोबर. "सब ठीक है, फिर भी छोटा है. समझ में नहीं आ रहा." दर पंधरा दिवसांनी तेच. डाव्या कुशीवर झोपा, डाळ वाढवा, अंडं चालत नसेल तर पनीर, हालचाल मोजा. मी जेवणानंतर दुपारी आडवी पडून मोजते. गल्लीत उन्हाची लू वाहतेय, कूलर घरघरतोय आणि मी एकटी पोटावर हात ठेवून एक, दोन, तीन. चांगलं हलतं ते. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही आपण मागे पडलोय म्हणून.

आणि सासूबाई. त्यांनी मला एकादशी धरू दिली नाही, महाशिवरात्र धरू दिली नाही. सकाळी अळीवाची खीर, दुपारी खजूर, चारला शिरा. त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, तुमच्या वेळीही पाटावर बसता यायचं नाही. तरी दोन महिने रोज सकाळी त्या घाटावरच्या देवळात जाऊन अकरा प्रदक्षिणा घालतायत. बाळाचं वजन वाढावं म्हणून. परत येतात तेव्हा भिंत धरून येतात. एकदा मी म्हटलं, आई, नका जाऊ. त्या म्हणाल्या, "तू खा. मी चालते. वाटून घेऊ." मी खीर खाल्ली. 

मग परवाच्या सोनोग्राफीनंतर मॅडम म्हणाल्या, अब और नहीं रुकेंगे. कार्डाप्रमाणे नववा लागलाय, बाळ वाढत नाही तर आत ठेवण्यात धोका. सोमवारी भरती, आधी बाळाच्या फुफ्फुसांसाठी सुई. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मी घरी येऊन मोबाइलवर बत्तीस आठवड्यांचं, म्हणजे माझ्या हिशोबाचं, बाळ कसं असतं ते वाचलं. तुमच्या जावयांना फोन केला. गाडीचा आवाज येत होता. म्हटलं, ऐक, तारीख चुकली असेल तर? तो म्हणाला, "आईची तारीख कशी चुकेल? घाबरलीस का? सोमवारी येतोय मी, रजा टाकलीय." आणि पुढचं मला त्यालाही सांगता आलं नाही, कारण त्या दिवशी पिंड त्याच्या हातात होता आणि भात माझ्या.

आज सकाळी सासूबाई प्रदक्षिणेला गेल्या आणि मी निघाले. गल्लीतून मैदागिनपर्यंत चालत, थांबत थांबत. ठठेरी बाजारात एका दुकानदाराने न विचारता स्टूल पुढे केलं, दोन मिनिटं बसले, मग टोटो, बॅटरीची रिक्षा. मॅडम म्हणाल्या, "अकेली? माताजी कहाँ हैं?" मी सांगितलं. सगळं नाही, एवढंच की श्रावणानंतर भाद्रपदातही आली होती, मी लपवली होती, त्या दिवशी घरात श्राद्ध होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. बोटावर मोजलं, जुने रिपोर्ट ओळीने मांडले, प्रत्येकातून चार आठवडे काढले. "दो महीने से मैं आपके बच्चे को डाँट रही हूँ," त्या म्हणाल्या. "ये तो हर बार अपने टाइम पर था."  मग म्हणाल्या, "सोमवार को मैं इसको निकाल देती. मशीन पर रहता बेचारा, और हम सब सोचते जान बचाई." मी म्हटलं, सॉरी. त्या म्हणाल्या, सॉरी इसको बोलिए. दोन आठवड्यांनी परत बघायचं, हालचाल मोजत राहायची, काही वेगळं वाटलं तर तडक यायचं. लाल पेन. मी उठताना विचारलं त्यांनी, "किससे डर रही थीं? सास से?" मी हो म्हटलं. दवाखान्यात बाकीच्या बाया ताटकळत होत्या. तुमचं कसं सांगणार? डॉक्टरला सांगायचं की माझे वडील दहा वर्षांपूर्वी गेले आणि ते पानावरून उठून जातील म्हणून मी घाबरले?

घरी आले तर सासूबाई दारात. कुठे गेली होतीस, सांगून जायची पद्धत आहे की नाही. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, लाल तारीख वाचली, आणि अंगठा पेरांवर फिरू लागला. तुमचा फिरायचा तसाच. मध्येच थांबला.

"पितृपक्ष," त्या म्हणाल्या. "दशमी."

मी मान हलवली.

"तुला कळलं कधी?"

"सकाळीच. आत जायच्या आधी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुमचे गुडघे…"

"गुडघ्यांचं काढू नकोस." मग कार्ड घडी करून परत उघडलं. "म्हणजे बाळ लहान नाही?"

"नाही. वेळेवर आहे."

"आणि सोमवारचं?"

"रद्द."

त्या खाटेवर बसल्या. कितीतरी वेळ नुसतं पायावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्या देवाला दोन महिने उगाच हैराण केलं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे दसऱ्याचं. सोनं द्यायला आला होता तो." मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी तोंड वळवलं. "म्हणजे तुझे वडील नव्हेत हे," त्या तिकडे बघतच म्हणाल्या. चारला खीर आणली. रोज हातात देतात, आज जवळ ठेवली आणि वाटी बोटाने पुढे सरकवली. "पुढच्या वर्षी श्राद्धाचा स्वयंपाक मी करीन. तू मुलाकडे बघ." हे रागाने होतं की मायेने, मी त्यांच्या पाठीकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. मला पाठी वाचायची सवय आहे, तरी नाही कळलं. मी खीर संपवली.

आता त्या पडल्यात, मी बाहेरच्या खोलीत लिहितेय. तुमच्या गठ्ठ्यातलं शेवटचं पंचांग मी लग्नात बरोबर आणलं होतं, ट्रंकेत साड्यांखाली आहे. हे कागद त्यातच ठेवीन. लोक गंगेत सोडतात, पण गंगेत सोडलं की पोचतं असं तुम्ही यजमानांना सांगायचात, आणि हे पोचलेलं मला नकोय. मघाशी भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर शोधून काढलं आणि भाद्रपदातल्या दशमीवर पेन्सिलने ठिपका दिला. आयुष्यातला पहिलाच, माझ्या हाताने. फार काही वाटलं नाही. बाळ हललं, पण ते या वेळेला हलतंच.

एक राहिलं. वर लिहिलंय की त्या दिवशी दुसरं करणारं कोणी नव्हतं. ते खरं नाही. सासूबाई पहाटेच अंघोळ करून सोवळं नेसून तयार होत्या. म्हणाल्या, आज मी करते, तुझा चेहरा उतरलाय, तू बस. मीच नको म्हटलं. मला कुणी अडवलं नव्हतं, माझ्यावर काही येऊन पडलं नव्हतं. वर्षातून एकदा तुम्ही येता, आणि मला तुम्हाला माझ्या हाताने वाढायचं होतं. तुम्ही उठून गेलात की जेवलात, माहीत नाही. आमसुलाच्या चटणीत गूळ जास्त झाला होता. ब्राह्मणांनी हसून विचारलंही, आज गोड कशी. मी म्हटलं, चुकून पडला. चुकून नव्हता.